अर्धविराम

आबांचं धोतर त्या दिवशी गुडघ्यापासून खाली तांबडं होऊन आलं. आजी अंगणात तुळशीवृंदावनाला गेरू लावत बसली होती. तिला वाटलं, ह्याचाच पाय गेरूच्या वाडग्याला लागला. "आरं, बघून चाल की," ती म्हणाली. आबा काही बोलले नाहीत. हौदापाशी जाऊन त्यांनी धोतराच्या काठावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी नारंगी होऊन दगडावरून वाहत गेलं. आजी उठली, ओल्या काठावर बोट टेकवून पाहिलं, बोटाचा वास घेतला आणि हळूच म्हणाली, "हा गेरू न्हवं. हा गेरवा."

आमच्याकडं तांबेऱ्याला गेरवा म्हणतात. पुस्तकात तांबेरा, रानात गेरवा.

संक्रांत होऊन पंधरवडा झाला होता. कृष्णाकाठच्या आमच्या मळीच्या रानात दीड एकर कल्याणसोना उभा होता, नुकता निसवलेला. सत्तरच्या दशकाची सुरुवात, मी चौथीत. आदल्या दोन वर्षी ह्याच गव्हानं घर भरलं होतं, आबा पाहुण्यांना मुद्दाम बांधावर नेऊन ओंब्या दाखवायचे. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मागून रानात गेलो. पानावरून अंगठा फिरवला की हळद आणि कुंकू एकत्र कालवल्यासारखी भुकटी अंगठ्याला यायची. दोन वाफे ओलांडेपर्यंत माझ्या शाळेच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या रंगल्या. मळणीला दाणा निघाला तो सुरकुतलेला, जिऱ्यासारखा बारीक. आजीनं वाऱ्यावर उपणायला घेतला तर निम्मा भुशाबरोबरच उडून गेला.

त्या आठवड्यात आबा मला सायकलच्या नळीवर बसवून तालुक्याच्या पेठेत घेऊन गेले. उपरण्यात पानांची जुडी बांधली होती. बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी आबांनी उपरणं थेट गादीवर सोडलं.

"शेठ, गेल्या साली हेच बी दिलंत तवा पान हिरवंगार हुतं. औंदा काय घातलंय ह्यात?"

शेठ पानांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आबा, पोतं तेच, शिक्का तोच, खूणचिठ्ठी तीच. मी ह्यात काय घालणार?"

"मग हे कुठनं आलं?"

शेठना उत्तर देता आलं नाही, आणि त्यांना उत्तर येत नाही ह्याचाच आबांनी पुरावा केला. "बी खोटं हाय," असं चार माणसांत म्हणून ते उठले. पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाहीत. बियाणं आणायला पुढच्या गावाला जायचे, सहा मैल जास्त. आमच्या गावातली आणखी काही घरंही त्या दुकानातून तुटली. आबांचा शब्द गावात चालायचा.

पुढं मी कृषी महाविद्यालयात गेलो, आणि दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी वनस्पतिरोगशास्त्राच्या सरांनी आम्हाला काचघरात नेलं. त्या दुपारीत मला शेठच्या दुकानातल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, म्हणून ती दुपार जशीच्या तशी आठवते. मातीच्या लहान कुंड्यांत गव्हाची आठवड्याभराची रोपं होती. सरांनी बोटं पाण्यात बुडवली, एकेका पानावरून अलगद ओढली, वरचा मेणाचा हात निघावा म्हणून, आणि मग ओल्या पानावर तांबेऱ्याची भुकटी टेकवली. वर पाण्याचा फवारा, रात्रभर ओलसर झाकण. जवळजवळ दोन आठवड्यांनी आम्हाला परत बोलावलं आणि हातात भिंग दिलं. "आधी मोजू नका," सर म्हणाले, "नुसतं बघा."

एका कुंडीतल्या पानावर फोड उठले होते. भिंगाखाली दिसलं की पानाची वरची साल फाटून तिच्या कडा बाहेर वळल्यात आणि आतून भुकटी ओसंडतीय, उतू गेलेल्या दुधासारखी. शेजारच्या कुंडीत गहू दुसरा होता, बुरशी तीच. त्याच्या पानावर एकही फोड नाही. फक्त पांढुरके, फिकट ठिपके, सुईच्या टोकाएवढे. सरांनी वहीत पहिल्या कुंडीसमोर ४ लिहिले आणि दुसऱ्या कुंडीसमोर नुसता अर्धविराम काढला. टिंब आणि खाली स्वल्पविराम, तेवढंच.

"हे काय सर?"

"ही खूण आहे. शून्य म्हणजे काहीच दिसत नाही. एक, दोन, तीन, चार म्हणजे वाढत जाणारा फोड. आणि नुसते ठिपके पडले, फोड आला नाही, की अर्धविराम. जगभर हेच लिहितात." मग भिंग परत घेत म्हणाले, "त्या ठिपक्यातल्या पेशी मेल्यात. बुरशीनं नाही मारल्या, झाडानं स्वतः मारल्या."

हे नीट समजायला मला बरेच दिवस लागले. तांबेऱ्याचा बीजाणू पानावर पडतो, दवाच्या ओलीत त्याला कोंब फुटतो, तो कोंब पानावर चाचपडत पर्णरंध्र शोधतो आणि आत शिरतो. आत गेल्यावर तो पेशी फोडत नाही. कणकेच्या गोळ्यात बोट दाबलं की कणीक बोटाभोवती वळते, तसं बुरशीचं बोट पेशीच्या भिंतीतून आत जातं आणि पेशीचं आतलं पातळ आवरण न फाटता त्याच्याभोवती गुंडाळलं जातं. त्या बोटातून बुरशी अन्न ओढते आणि त्याच बोटातून आपली प्रथिनं पेशीत सोडते. ह्या प्रथिनांचं काम पेशीला गप्प ठेवायचं, तिनं ओरडा करू नये म्हणून. तांबेऱ्याला पेशी जिवंतच हवी असते, मेलेल्या ऊतीवर तो जगत नाही. म्हणून प्रतिकारक गव्हाची युक्ती साधी पण जिवावरची आहे. त्याच्या एखाद्या जनुकाला बुरशीच्या शेकडो प्रथिनांतलं एक ओळखता येतं. ते दिसलं, की बोट शिरलेली पेशी आणि तिच्या आजूबाजूच्या दोन-चार पेशी झाड मारून टाकतं. बुरशी उपाशी मरते. पानावर ठिपका उरतो.

आता बुरशीच्या बाजूनं बघितलं तर तिला काय करावं लागतं? तेवढं एक प्रथिन लपवायचं. ते थोडं बदललं, किंवा त्याचं जनुकच मोडून गेलं, की झाडाला ओळख पटत नाही. पहारा जागाच असतो, डोळे उघडे असतात, पण ज्या खुणेवरून चोर ओळखायचा ती खूणच चोर घरी ठेवून आलेला असतो. बाकीच्या शेकडो प्रथिनांवर बुरशीचं भागतं. २०१७ साली काळ्या, म्हणजे खोडावर पडणाऱ्या तांबेऱ्याची अशी दोन प्रथिनं पहिल्यांदा हाती लागली, दोन गटांनी एकाच वेळी शोधली. त्यांतल्या एकाचं जनुक काही तांबेऱ्यांत मोडलेलं सापडलं, कारण जनुकसंचात इकडून तिकडं उड्या मारणारा एक तुकडा बरोबर त्याच्या मध्ये येऊन बसला होता. अपघातच म्हणायचा. पण एका फोडातून रोज हजारो बीजाणू उडत असतील, दहा-पंधरा दिवसांत पुढची पिढी तयार होत असेल, आणि पुढ्यात शेकडो कोसांवर एकच गहू उभा असेल, तर असा एखादा अपघात कधीतरी कुठंतरी होणारच. तो एक बीजाणू सोडून बाकी सगळे त्या रानात उपाशी मरतात. मग उरलेलं सगळं रान त्याचं.

कल्याणसोन्याचं हेच झालं. १९६७ साली तो वाण आला. मेक्सिकोतल्या ज्या एका संकरातून तो निघाला, त्याच संकरातून तिकडचा सिएते सेरोस निघाला आणि पाकिस्तानातला मेक्सिपाक निघाला. नावं तीन, घराणं एक. त्या गव्हानं लोकांची पोटं भरली, हे विसरून चालणार नाही. आमचंही भरलं. पण मेक्सिकोपासून कृष्णाकाठापर्यंत तांबेऱ्याला एकच कोडं घालून ठेवलं, आणि सत्तरच्या दशकात पानावरच्या तांबेऱ्यानं ते सोडवलं. आपल्याकडच्या शास्त्रज्ञांनी मग कल्याणसोन्याचेच निरनिराळ्या प्रतिकार जनुकांचे भाऊबंद तयार करून ते मिसळून पेरायचे वाणही काढले. विचार फार चांगला होता. ते मिश्र वाण रानात फारसे पसरले नाहीत, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

शेतकरी म्हणतो, "बी बिघडलं." मीही लहानपणापासून तेच ऐकलं. बी मात्र तसंच होतं, जनुक जागेवर होतं. बिघडलं ते गहू आणि तांबेरा ह्या दोघांमधलं नातं.

हे नातं पहिल्यांदा कागदावर मांडलं हॅरॉल्ड फ्लोर ह्या माणसानं, अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या फार्गो इथं. त्यानं गहू घेतला नाही, जवस घेतलं. जवसावरही तांबेरा पडतो. त्याची कल्पना अशी की नुसत्या जवसाचे संकर करून अर्धीच गोष्ट कळते. म्हणून त्यानं तांबेऱ्याचेही संकर केले, वर्षानुवर्षं, आणि दोन्हीकडची गणितं शेजारी शेजारी मांडली. तेव्हा दिसलं की झाडातल्या प्रत्येक प्रतिकार जनुकासमोर बुरशीत एक जोडीदार जनुक आहे. त्याच्या सगळ्यात गाजलेल्या तक्त्यात दोन जवसं आहेत. एकाचं नाव ओटावा, दुसऱ्याचं बॉम्बे. तांबेऱ्याचा एक वंश ओटावा खायचा आणि बॉम्बेला हात लावायचा नाही, दुसरा बरोबर उलटा. मी तो तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या एका शब्दावर किती वेळ थांबलो होतो. विदर्भात जवसाची चटणी खाणाऱ्या कुणाला हे माहीत असेल का, असं वाटलं.

आणि त्याहून जवळचं माणूस मला अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या कागदांत भेटलं. स्टॅकमन आणि लेव्हिन ह्या तिथल्या शास्त्रज्ञांनी १९२२ साली काळ्या तांबेऱ्याचे वंश ओळखायला १२ गव्हांचा संच ठरवला. नवा तांबेरा सापडला की ह्या बारा जणांवर टाकायचा, कुणावर फोड येतो आणि कुणावर अर्धविराम, ते लिहायचं. त्यावरून वंशाला क्रमांक द्यायचा. त्या यादीत मार्क्विस आहे, कुबांका आहे, मिंडम आहे, आणि शेवटाला खपली आहे.

आमची खपली. आजीची.

ज्यांनी खपली कांडताना पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. इतर गहू मळला की दाणा मोकळा होतो. खपली मळली तरी दाणा टरफलातच राहतो, ओंबीचे नुसते जोडजोडीचे तुकडे पडतात. आजी ते तुकडे उखळात घालायची, वर पाण्याचा हबका मारायची आणि मुसळानं हलक्या हातानं कांडायची. जोर लावला तर दाणा फुटतो, कमी लावला तर टरफल सुटत नाही. सुपात घोळून कोंडा काढायचा, पुन्हा कांडायचं. असे तीन-तीन हात झाले की तांबूस, लांबट दाणा निघायचा. तो रात्रभर भिजवून, सकाळी मऊ शिजवून गूळ, सुंठ, जायफळ, खसखस, खोबरं घालून खीर. पंगतीला ही खीर वाढताना आजीच्या तोंडावर जो भाव असायचा तो पुरणपोळीलाही नसायचा. त्या वर्षी कल्याणसोना गेला तेव्हा बांधालगतच्या चार वाफ्यांत तिच्यासाठी लावलेली खपली हिरवी राहिली होती. आजी त्याचं कारण सांगायची नाही. "ती जुनी हाय," एवढंच म्हणायची.

मिनेसोटातल्या बहुतेक वंशांपुढं खपली टिकायची. सिडनीत वॉटरहाउस ह्या शास्त्रज्ञानं तिचा तिकडच्या स्टाइनवेडेल गव्हाशी संकर केला आणि त्या वाणाला नाव दिलं खॅपस्टाइन. तिच्यातून आलेल्या प्रतिकार जनुकांपैकी एकाला एसआर-१३ म्हणतात (एसआर म्हणजे स्टेम रस्ट, खोडावरचा काळा तांबेरा), आणि ते पुढं अमेरिकेतल्या शेवयांच्या-पास्त्याच्या गव्हात फार उपयोगी पडलं. २०१७ साली त्या जनुकाचा नेमका पत्ता लागला. पण त्याआधीच इथिओपियात डेब्रे झेत इथल्या शेतात तांबेऱ्याचा असा वंश सापडला होता, ज्याला एसआर-१३ अडवू शकत नाही. ती बातमी वाचून मला खरोखर दुःख झालं. आजीचं काहीतरी कुणीतरी फोडलं असं वाटलं. त्याच वेळी हेही कळत होतं की खपलीत एकच जनुक नाही. आजी ज्याला "जुनी" म्हणायची त्यात कितीतरी जनुकं एकमेकांच्या आडोशाला उभी होती, आणि चार वाफ्यांपलीकडं ती कुणी पेरतही नव्हतं. तांबेऱ्याला तिच्यावर सराव करायला रानच मिळालं नाही.

आजी आणखी एक म्हणायची. "आभाळ आलं की गेरवा पडतो." आम्ही हसायचो, बुरशी काय आभाळातून पडते? आग्र्याच्या कॉलेजातले करमचंद मेहता ह्यांनी १९२३ पासून पुढची पंचवीसेक वर्षं हाच शोध घेतला, की मैदानी रानात उन्हाळ्यात तांबेरा जळून जातो, मग हिवाळ्यात तो येतो कुठून? युरोप-अमेरिकेत बार्बेरी नावाच्या झुडपावर त्याचा मुक्काम असतो. मेहतांनी दाखवलं की आपल्याकडं त्या झुडपाचा संबंध नाही. तांबेरा उन्हाळा काढतो तो डोंगरांत, उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी-पळणीत, तिथल्या बेमोसमी गव्हावर. सत्तरच्या दशकात एस. नागराजन ह्यांनी पुढचा धागा जोडला. नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळं उठली, की निलगिरीवरून वर चढलेले बीजाणू त्या वाऱ्यांबरोबर शेकडो मैल वाहून मध्य भारतावर येतात आणि पावसाच्या सरीबरोबर खाली धुऊन पडतात. म्हणजे आमच्या रानातला काळा गेरवा खरोखरच आभाळातून येत होता. आजीला हे सांगायला ती उरली नव्हती.

कॉलेजात असताना एका सहलीत सरांनी आम्हाला महाबळेश्वरलाही नेलं. लोक तिथं स्ट्रॉबेरी खायला आणि सूर्यास्त बघायला जातात, आम्ही गेलो गहू गेरवा संशोधन केंद्र बघायला. धुकं इतकं, की पलीकडच्या वाफ्यातला माणूस दिसत नव्हता. खाली साताऱ्यात गव्हाचं नावही नसताना इथं गहू उभा होता, आणि त्यावर मुद्दाम सांभाळलेला गेरवा होता. शत्रू कुणी असा जपतो का, असं मला वाटलं. पण जपावाच लागतो. वेगवेगळे वंश जिवंत ठेवायचे, नवा वाण पेरण्यापूर्वी त्यांच्यापुढं उभा करायचा, कोण टिकतो ते पाहायचं. तिथल्या एका वयस्क कर्मचाऱ्याची बोटं कायमची तांबूस झाली होती. चहाचा कप धरला की दिसायची. गव्हाचं एकही पोतं त्यांच्या नावावर नसेल, पण महाराष्ट्रात किती ताटांतल्या चपात्यांना त्यांची ती बोटं लागलेली असतील.

ह्या कामाची निकड इकडं किती जुनी आहे ते निफाडला कळतं. १९४६-४७ साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची भयंकर साथ आली, तेव्हाच्या मुंबई प्रांतालाही तिची झळ बसली. निफाडच्या गहू संशोधन केंद्रानं केनियाचे तांबेरा सोसणारे गहू आणून आपल्या निफाड गव्हाशी त्यांचा संकर केला. त्या वाणांचं नाव ठेवलं केनफड. केनियातलं केन आणि निफाडातलं फड. मला हे नाव फार आवडतं. पुढं त्याच केंद्रानं आपल्या गव्हांना त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी अशी घरची नावं दिली. पण केनफडमध्ये दोन मुलखांनी एकमेकांना केलेली मदत नावातच दिसते.

पुढं ही मदत उलट्या दिशेनं घ्यावी लागली. १९९८ साली युगांडात गव्हावर काळा तांबेरा दिसला, जो दिसायलाच नको होता. त्या काळी जगभरच्या गव्हांत एसआर-३१ नावाचं जनुक भरलं होतं. ते मुळात गव्हाचं नव्हे, राय ह्या दुसऱ्याच धान्यातून आलेलं. कित्येक वर्षं काळ्या तांबेऱ्याला त्यानं दाद दिली नव्हती, इतकी की लोक हा रोग विसरत चालले होते. ह्या नव्या वंशाला ते अडवू शकलं नाही. त्याला युजी-९९ म्हणतात. केनिया, इथिओपिया, सुदान, येमेन असं करत २००७ साली तो इराणमध्ये असल्याचं कळलं, तेव्हा आपल्याकडच्या गहूवाल्यांची झोप उडाली, कारण उत्तरेत लाखो हेक्टरवर हेच जनुक उभं होतं. हरितक्रांतीचे नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदी ओलांडलेले होते. स्टॅकमनचा हा विद्यार्थी त्या वयात देशोदेशी सांगत फिरला की हे हलक्यात घेऊ नका. केनियात न्जोरो इथं भारतासह अनेक देशांचे गहू पेरले जाऊ लागले, युजी-९९ पुढं उभे करायला. केनियाचे गहू निफाडला आले होते, आता आपले गहू परीक्षेला केनियात गेले. युजी-९९ भारतात अजून सापडलेला नाही. आणि न्जोरोच्या परिसरातही तो स्वस्थ बसला नाही. २००६ ला एसआर-२४ गेलं, २००७ ला एसआर-३६, २०१४ च्या सुमारास केनिया रॉबिन नावाचा लोकांच्या आवडीचा वाण पडला.

युजी-९९ जन्माला कसा आला, हे २०१९ साली उलगडलं, आणि ते वाचताना मी पुन्हा त्या काचघरात जाऊन बसलो. तांबेऱ्याच्या पेशीत केंद्रकं दोन असतात, एकमेकांत न मिसळता शेजारी नांदणारी. एका पानावर दोन वंश भेटले, त्यांचे तंतू जुळले आणि त्यांनी एकेक केंद्रक बदलून घेतलं. युजी-९९ चं एक केंद्रक दक्षिण आफ्रिकेत अनेक दशकं असलेल्या जुन्या वंशाचं आहे, जसंच्या तसं. दुसरं कुणा वेगळ्याचं. ना बार्बेरीचं झुडूप लागलं, ना रीतसर संकर. आपण ज्याला "नवा रोग" म्हणतो त्यात निम्मं घर जुनंच होतं.

मग टिकतं काय? टिकणारी काही आहेत, आणि ती दिसायला मोठी साधी आहेत. एलआर-३४ नावाचं एक जनुक आहे, एलआर म्हणजे लीफ रस्ट, पानावरचा तांबेरा. ते बुरशीला ओळखत नाही, पेशी मारत नाही, अर्धविराम काढत नाही. फोड येतात, पण कमी, लहान, उशिरा. पीक पिकेपर्यंत तांबेरा मागंच राहतो. शंभरेक वर्षं ते वापरात आहे आणि कुठल्याही तांबेऱ्यानं त्याला अजून फोडलेलं नाही. असा गहू ओळखायचा तर त्याच्या पानाची टोकं पिवळी पडून वाळतात. मी नोकरीत असताना कितीतरी शेतकऱ्यांनी अशी पानं आणून दाखवली, "साहेब, कशाची तरी कमतरता दिसतीय." मी सांगायचो, राहू द्या, ही टोकं वाळलीत म्हणून बाकीचं पान वाचलंय. तसंच एसआर-२. मॅकफॅडन नावाच्या माणसानं १९१६ साली अमेरिकेत यारोस्लाव नावाच्या एमर गव्हाचा, म्हणजे खपलीच्या सख्ख्या जातीचा, साध्या गव्हाशी संकर केला, त्यातून ते आलं. त्याच्या ओंबीवर आणि पेऱ्यांवर काळसर छटा असते. व्यापारी असला माल बघून नाक मुरडतात. मला ती काळी छटा दिसली की बरं वाटतं.

अशी मंद जनुकं तीन-चार एकत्र असतील तर गहू बऱ्यापैकी निर्धास्त राहतो. पण ती एका रात्रीत दिसत नाहीत, प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर डोळ्यात भरत नाहीत. आपल्याला डाग नसलेलं पान लागतं. एक मागणी मी नोकरीभर करत आलो, आजही करतो. पोत्यावर "तांबेरा प्रतिकारक" असं छापता ना, मग त्यापुढं सालही छापा. अमुक सालापर्यंत सापडलेल्या तांबेऱ्याला प्रतिकारक. औषधाच्या बाटलीवर मुदत असते, बियाण्याच्या ह्या शब्दावर का नसावी? शेतकऱ्याला ते कळतं. त्याला कळत नाही असं धरून चालणारे फसतात, आणि मग तो दुकानदाराच्या गादीवर पानांची जुडी आणून टाकतो.

काचघरातल्या त्या दुपारनंतर सुट्टीत घरी गेलो तेव्हा मी आबांना हे सगळं सांगितलं होतं. ते सोप्यात दोर वळत बसले होते. मी कागदावर पान काढलं, बोट काढलं, ठिपका काढला. शेवटी म्हणालो, "आबा, त्या वर्षी बी खोटं नव्हतं. गेरवा बदलला होता." आबांचा हात थांबला. बराच वेळ ते दोराच्या पिळाकडं बघत बसले. मग म्हणाले, "मग शेठला जाऊन तसं सांगून ये."

मी हो म्हणालो, आणि गेलो नाही. परीक्षा, नोकरी, बदल्या. शेठ गेल्याचं मला दुसऱ्या जिल्ह्यात असताना कळलं. मग आबाही गेले. त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी किती वर्षं धास्तावलेला होतो.

गेल्या दिवाळीनंतर गहू पेरायचा म्हणून मी त्या दुकानात गेलो. गादी जाऊन खुर्च्या आल्यात, काउंटरवर शेठचा मुलगा असतो, माझ्याच वयाचा. मी माझं गाव सांगितलं, आबांचं नाव सांगितलं. त्यानं वजनकाट्यावरून नजर उचलली.

"पानांची जुडी," तो म्हणाला.

मी मान हलवली.

"त्या वर्षी तुमच्याकडची सगळी गिऱ्हाइकं गेली. वडील रात्री पोती उघडून दाणे हातात घेऊन बघत बसायचे. म्हणायचे, मला काही दिसत नाही."

मी त्याला सगळं सांगितलं. दुकानात दोघं-तिघं थांबले होते, तेही ऐकत राहिले. कागद नव्हता म्हणून पावतीच्या पाठीवर मी पान काढलं, ठिपका काढला. त्यानं ती पावती उलटीसुलटी करून पाहिली आणि गल्ल्यात न टाकता वर देवाच्या तसबिरीमागं सरकवली. मग चष्मा पुसत विचारलं, "बरं, यंदा कुठलं देऊ?"

"दोन दे. निम्मं-निम्मं."

"एकाच रानात?"

"शेजारी शेजारी. आणि खपली असेल तर चार वाफ्यांपुरती."

खपली नव्हती. ती तो आठ दिवसांनी मागवून देणार होता. दोन वाणांची नावं त्यानं दुसऱ्या पावतीवर एकाखाली एक लिहिली, आणि पोती उचलायला स्वतः बाहेर आला.